पाइप वाकडा, ड्रिल सरळ. मग भोक वाटीच्या तळात बरोबर निघतं कसं?

लेथवाला_वाळूज

मंडळी, आधीच सांगतो, मी ओढत नाही. घरचे हा धागा वाचतात.

वाळूज एमआयडीसीत एका वर्कशॉपात सेटिंगचं काम बघतो. ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी त्यांचा तंबाखू ओढायचा जुना लाकडी पाइप आणून दिलाय. दातात धरायची काळी नळी तुटलीय, नवी करून पाहिजे. पाइप चांगला खाली वाकलेला. सहज म्हणून दांडीकडून तार घातली, तर ती कुठंही न अडकता वाटीच्या (जिथं तंबाखू भरतात) तळात, अगदी मधोमध निघाली. लाकूड अख्खं आहे. भिंग लावून पाहिलं, जोड कुठंच नाही.

दोन बाजूंनी येणारी दोन भोकं लाकडाच्या पोटात नेमकी भेटवायची, तीही जुन्या काळच्या मशीनवर, हे काम सोपं नाही हे मान्य. पण त्यापलीकडं यात काही विशेष असेल असं मला वाटत नाही. आज पाच अक्षांचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) हाताशी असेल तर प्रोग्राम एकदा लिहायचा आणि शिफ्टला दोनशे नग काढायचे. मग एका पाइपाचे हजारो रुपये कशाचे घेतात? कुणी असा कारखाना पाहिलाय का?

बीडची_वाघीण

"मी ओढत नाही" असं पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याच्या खिशात हमखास काडीपेटी सापडते. बाकी चालू द्या, वाचतेय.

जालना_टू_जुरा

पाहिलाय. कंपनीच्या कामानं काही काळ फ्रान्सला होतो. तिथं जुरा डोंगरात सें-क्लोद नावाचं गाव आहे, पाइपांचं माहेरघर. तिथले कारागीर आधी बॉक्सवुडच्या जपमाळा, खेळणी, डब्या कातून यात्रेकरूंना विकायचे. १८५० नंतरच्या दशकात ब्रायर या झुडपाच्या गाठीचं लाकूड हाती आलं आणि गाव पाइपाकडं वळलं. लेथवर बसलेला हात तयारच होता.

तुमच्या कोड्याचं उत्तर असं, की भोक कधीच वाकत नाही. वाकतं ते बाहेरचं लाकूड, आणि त्याहून जास्त नळी. वाटीचा अक्ष आणि दांडीतल्या भोकाचा अक्ष यांच्यातला कोन डिझाइन करतानाच ठरतो. सरळ पाइपात तो काटकोन असतो. वाकड्यात दांडीचं भोक वरून तिरकं उतरतं. दोन्ही रेषा वाटीच्या तळाशी भेटल्या की झालं, मग त्यांच्याभोवती लाकूड हवं तसं वळवा. अट एकच, दांडीचं वळण इतकं ठेवायचं नाही की सरळ भोक कडेनं बाहेर फुटेल. म्हणून फार वाकड्या पाइपात लाकडाची दांडी आखूड असते आणि उरलेलं वळण नळीत घेतात.

तुमची तार न अडकता गेली याचा अर्थ पाइप चांगल्या हातचा आहे. बऱ्याच वाकड्या पाइपांत भोक दांडीत नळी बसते त्या खोबणीच्या वरच्या कडेला कुठंतरी उघडतं आणि सफाईची काडी तिथंच अडते.

लेथवाला_वाळूज

@जालना_टू_जुरा, एकदम पटलं. पण पुढची अडचण सांगा. ठोकळा वाटीच्या अक्षावर फिरवला तर दांडी टूलला आडवी येणार. अख्खी वाटी गोल कातायची कशी? आणि चकमध्ये (लेथच्या जबड्यात) पकड कुठं?

जालना_टू_जुरा

अख्खी कातता येतच नाही, इथंच गंमत आहे. काम तुकड्यातुकड्यानं होतं.

ठोकळा आधीच पाइपाच्या ढोबळ आकारात करवतीनं कापलेला असतो. तो दोन जबड्यांत धरतात. पहिल्या फेरीत वाटीचं भोक पाडतात आणि वाटीची वरची अर्धी बाजू बाहेरून कातून घेतात, म्हणजे जिथं दांडी मध्ये येत नाही तेवढीच. मग ठोकळा फिरवून दुसऱ्या मशीनवर दांडी गोल करतात, नळीसाठी खोबण पाडतात, आणि त्याच पकडीत धुराचं बारीक भोक वाटीपर्यंत नेतात. पकड बदलली तर मध्य हुकलाच. राहतं ते वाटीचं पोट, जिथं वाटी आणि दांडी मिळतात. ते साच्यावरून चालणारा कटर खातो. धातूचा नमुना एका बाजूला, त्यावरून फिरणारा रोलर, आणि दुसऱ्या बाजूला तीच चाल धरून लाकूड कापणारा कटर. तुमच्याकडं जुनं कॉपी टर्निंग ज्यांनी केलंय त्यांना नवीन नाही.

त्यानंतर मशीन संपतं. पुढं माणूस, फिरतं चाक आणि पॉलिश पेपर. मी पाहिलं तिथं एक बाई दोन्ही हातात पाइप धरून चाकावर अशी फिरवत होती की चाकाचा डाग कुठं पडतच नव्हता. नजर पाइपावर कमी आणि खिडकीबाहेर जास्त. मी विचारलं तर हसली, बोटांना कळतं म्हणाली.

मापं साधारण अशी: वाटीचं भोक १९ ते २० मिमी, खोली ३५ ते ४०, धुराचं भोक ४ मिमीच्या आसपास. हे ४ मिमीचं भोक तळापासून वर उघडलं तर खालची तंबाखू जळत नाही, ओली होऊन बसते.

सिल्लोडकर

इतकी मेहनत? अमेरिकेत मक्याच्या बुरकुंड्याचे पाइप निघतात म्हणे. आमच्याकडं बुरकुंडे चुलीत जातात. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, तिन्ही तालुक्यांत मका म्हणजे ढीग. कुणीतरी कारखाना काढा राव, कच्चा माल मी देतो.

मंजिरी_संभाजीनगर

@सिल्लोडकर, खरंच निघतात. मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे (राजधानीचं नव्हे). तिथं हेन्री टिब्बी नावाचा हॉलंडहून आलेला कातारी होता. १८६९ साली एका शेतकऱ्यानं त्याला बुरकुंड्याचा पाइप कातून मागितला. तो इतका चालला की टिब्बीनं तोच धंदा केला आणि १८७८ मध्ये पेटंट घेतलं. गोम त्याच्या बाहेरच्या थरात होती. बुरकुंड्याच्या खळग्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरायचं, वाळलं की घासून गुळगुळीत करायचं. तो कारखाना अजून चालू आहे. अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरच्या फोटोंतला तो उंच पाइप बुरकुंड्याचाच.

पण तुमचा मका चालणार नाही. जाड आणि टणक बुरकुंड्यासाठी त्यांनी खास वाण ठेवलंय, आणि कापणीनंतर बुरकुंडे दीर्घकाळ वाळवत ठेवतात. आपल्याकडचं संकरित वाण दाण्यासाठी काढलेलं, बुरकुंडा बारीक.

सिल्लोडकर

म्हणजे दाणे कमी आणि बुरकुंडा जाड असलेला मका पेरायचा. बापाला सांगतो, बघू तो मला घरात ठेवतो का.

दातांचा_डॉक्टर_लातूर

धागा छान चाललाय, तरी मध्ये बोलतो. पाइप ओढणारे एक वाक्य ठरलेलं सांगतात: "आम्ही धूर आत घेत नाही." न घेतलेला धूर तोंडातच असतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालातच पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध नोंदवला होता. त्याशिवाय तोंड, घसा, फुफ्फुस आहेतच. नळी वर्षानुवर्षं एकाच जागी धरल्यामुळं दात झिजून खाच पडलेले रुग्ण मी पाहिलेत. ब्रायर कितीही देखणं असो, आत जळतंय ते तंबाखूच.

धूम्रवलय

आले डॉक्टर. इथं कुणी ओढा म्हणून सांगितलंय का? चर्चा बनवण्याची आहे. तलवारीच्या धाग्यावर "तलवारीनं माणूस मरतो" असं लिहाल का?

दातांचा_डॉक्टर_लातूर

तलवार घेऊन रोज माझ्या दवाखान्यात कुणी येत नाही. तंबाखूवाले येतात.

बीडची_वाघीण

डॉक +१. धूम्रवलय, इनो घ्या.

तात्या_उदगीरकर

काय चाललंय पोरांनो? साहेबाचा पाइप म्हणून कौतुक. आपल्या चिलमीचं काय?

आमच्या गावचा कुंभार चाकावर मातीचा एकच मोठा गोळा घ्यायचा. वरच्या टोकातून चिलीम उठवायची, दोऱ्यानं कापायची, लगेच दुसरी. खालचा गोळा तसाच फिरत असायचा. बोलता बोलता फळीवर रांग लागायची. मग सावलीत वाळवण आणि भट्टी. आत तंबाखू खाली येऊ नये म्हणून एक खडा टाकायचा, बुडाला ओल्या फडक्याची छापी. छापीतून धूर गार होऊन येतो. रानात एकच चिलीम फिरायची, पण काही जण आपापली छापी खिशात ठेवायचे. का ते तुम्हाला कळतंय.

आणि मोठ्या घरचं म्हणाल तर बिदरी हुक्का. आमचं उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं, म्हणून ही वस्तू आमच्याकडं घरोघरी ऐकिवात. जस्त जास्त आणि तांबं थोडं अशा मिश्रणाचं भांडं ओततात, त्यावर कोरून चांदीची तार ठोकतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात बुडवतात. भांडं काळंकुळीत होतं, चांदी तशीच पांढरी राहते. हुक्क्याचं बूड असलं देखणं कुठल्या साहेबाकडं होतं?

अवांतरप्रेमी

तात्यांच्या प्रतिसादाची वाखू (वाचनखूण) साठवली.

अवांतर: अकबरानं तंबाखू पहिल्यांदा पाहिली ती विजापूरहून आलेली. असदबेग नावाचा त्याचा माणूस १६०४ च्या सुमारास तिकडून रत्नजडित नळीचा हुक्का घेऊन आला. बादशहानं दोन झुरके घेतले, हकीम नको म्हणत होता. म्हणजे लातूरच्या डॉक्टरांची परंपरा फार जुनी आहे.

दातांचा_डॉक्टर_लातूर

हकिमाचं कुणी ऐकलं नाही, ती परंपरासुद्धा तीच.

वैद्य_अंबाजोगाई

नळीच्या डिझाइनवर बोलणं चाललंय तर चरकसंहितेतलं धूमनेत्र सांगतो. औषधी धूर घेण्याची नळी. तंबाखू तेव्हा इथं नव्हतीच, त्यामुळं गैरसमज नको. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मापं दिलीत: वैरेचनिक (दोष बाहेर काढणाऱ्या) धुरासाठी २४ अंगुळं, स्नैहिकासाठी (तुपातेलाच्या) ३२, रोजच्या प्रायोगिकासाठी ३६, तीही ज्याच्या त्याच्या बोटांनी मोजून. नळी सरळ, तीन पेरांची, टोकाचं भोक बोराच्या बीएवढं. कारणही दिलंय. लांबून आलेला, पेरांवर अडत आलेला आणि नळीत बारीक झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही.

लेथवाला_वाळूज

वैद्यबुवा, हे मात्र भारी. ज्याच्या त्याच्या बोटाचं माप म्हणजे प्रत्येक नग कस्टम.

धूम्रवलय

लांबीचं खरं आहे. चर्चवॉर्डन नावाचा हातभर नळीचा पाइप असतो, धूर गार येतो. पण मूळ प्रश्नाकडं येऊ. लेथवाले, तुमच्या "शिफ्टला दोनशे"वर माझा आक्षेप आहे.

दोनशे निघतील. त्यातले चांगले किती, ते मशीन सांगत नाही, लाकूड सांगतं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची गाठ, मूळ आणि खोडाच्या मध्ये जमिनीत वाढणारी. इटली, ग्रीस, कॉर्सिका, अल्जीरिया इथून येते. बरीच वर्षं वाढू दिल्याशिवाय ती कामाची होत नाही. खणून काढली की ओली झाकून ठेवतात, नाहीतर लगेच तडकते. करवतीनं ठोकळे पाडतात, मग तासन् तास पाण्यात उकळतात. रस आणि टॅनिन निघून जातं. कच्चा ठोकळा तसाच वापरला तर ओढताना तोंड कडू पडतं. त्यानंतर महिनोन् महिने सावकाश वाळवण. एवढं सगळं झाल्यावर ठोकळा मशीनवर चढतो, आणि कटर फिरल्यावर आत खडा नाहीतर पोकळी निघते. मुळाजवळची गाठ ती, वाढताना वाळूचे कणसुद्धा पोटात घेते. बाहेरून काही दिसत नाही.

मग प्रतवारी. डाग नसलेला, रेषा सरळ उभ्या असलेला नग सर्वात वर. अशा पाइपाला पारदर्शक रंग देतात, लपवण्यासारखं काही नसतं. बारीक खड्डा असेल तर लांबी (पुटी) भरून गडद रंग. त्याहून वाईट पृष्ठभाग असेल तर सँडब्लास्ट, म्हणजे वाळूचा मारा. मऊ लाकूड झडतं, कडक वलयं उठून दिसतात. डनहिल या इंग्रज कंपनीनं पहिल्या महायुद्धाच्या काळात या खडबडीत फिनिशचं पेटंट घेतलं, आणि दोष झाकायची युक्ती चक्क महाग माल म्हणून खपू लागली. एकाच मशीनवर, एकाच दिवशी, एकाच प्रोग्रामनं निघालेल्या दोन पाइपांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो तो यामुळं. हजारो रुपये निवडीचे आहेत हो.

लेथवाला_वाळूज

म्हणजे कास्टिंगचा ब्लोहोल, ओतीव धातूच्या पोटात राहिलेली पोकळी. सगळं मशीनिंग झाल्यावर शेवटच्या पासला उघडा पडणारा. हे दुःख मला सांगू नका, रोज भोगतो. आमच्याकडं ब्लोहोलवाला नग थेट भंगारात. तुमच्याकडं त्याला डिझाइन म्हणून विकतात, हे शिकण्यासारखं आहे.

पेनवेडा_नांदेड

@लेथवाला_वाळूज, नळी कशाची करताय? जुनी काळी असेल आणि उन्हात ठेवून हिरवट तपकिरी पडली असेल तर ती एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेलं. कातताना जळक्या गंधकाचा वास येईल, घाबरू नका. दांडे मिळतात, फाउंटन पेनवाले वापरतात. राजमहेंद्रीचे हाताने कातलेले पेन याच मालाचे. नवीन पाइपांत अॅक्रिलिकही असतं. ते हिरवं पडत नाही पण दाताला दगड लागतो.

वाकवायची तर आधी सरळच काता. भोक पाडा, दाताकडचं टोक चपटं करा, सगळं फिनिश करा आणि शेवटी गरम करून वाकवा. त्याआधी भोकात सफाईची काडी घालून ठेवा, नाहीतर वळणावर भोक बसतं. गार होईपर्यंत हातात धरून ठेवावी लागते. सोडली की परत सरळ व्हायला बघते.

लेथवाला_वाळूज

याला म्हणतात प्रतिसाद. एबोनाइटच आहे, हिरवट पडलंय. दांडा मागवतो.

मंजिरी_संभाजीनगर

खोबणीत बसणाऱ्या टोकाची लांबीही नीट घ्या. टोक आखूड झालं तर खोबणीच्या तळाशी मोकळी जागा राहते. गरम धूर तिथं पसरतो, गार होतो, पाणी साठतं आणि पाइप गुडगुडायला लागतो. आयर्लंडच्या पीटरसनवाल्यांनी उलटं केलं. त्यांनी मुद्दामच दांडीत पाणी साठायला खोल जागा ठेवली, धुराचं भोक तिच्या वरून नेलं. १८९० चं पेटंट आहे. पुढं नळीचं भोकही जिभेकडं न ठेवता वर टाळूकडं काढलं, जीभ भाजू नये म्हणून. माझ्या सासऱ्यांकडं होता तसला. घर धुरानं भरायचं, पाइपातून आवाज मात्र नाही.

संपादक

डॉक्टर आणि धूम्रवलय यांच्यातले पाच प्रतिसाद उडवले आहेत. वैयक्तिक शेरेबाजी व्यक्तिगत निरोपात करा.

परभणीचा_पाहुणा

आख्खा धागा आता वाचला. एक शंका. आपल्याकडच्या लाकडाचा होईल का? बाभळीच्या मुळाची गाठ लई चिवट असते, आमच्याकडं जुवाला, वखराला बाभूळच. बोरीचं पण लाकूड घट. कुणी करून बघितलंय का?

धूम्रवलय

ब्रायरच्या आधीपासून आणि नंतरही चेरी, पेअर, ऑलिव्ह यांचे पाइप होत आलेत. युद्धकाळात ब्रायर मिळेना तेव्हा तर मिळेल ते लाकूड. पण बहुतेक लाकडं आतून जळायला लागतात, किंवा तापून चिरतात. ब्रायर त्या मानानं उष्णता सोसतं, म्हणून टिकलं. बाभळीचं करायचं असेल तर उकळणं आणि वाळवणं टाळू नका. शिसवाच्या नादी लागू नका, त्याची धूळच अनेकांना बाधते.

तात्या_उदगीरकर

बाभळीची पाभर करा, वखर करा. पाइप कशाला? चिलीम पाच रुपयांत मिळायची आणि फुटली तर वाईट वाटायचं नाही.

लेथवाला_वाळूज

अपडेट देतो. नळी झाली. दांड्याला थोडं जास्त माप ठेवून टोक कातलं, मग पॉलिश पेपरनं थोडं थोडं उतरवत खोबणीत बसवलं. हातानं फिरवत घातलं की घट्ट बसतं, ओढलं की निघतं. वाकवताना पेनवेड्यांनी सांगितलं तसं काडी घालून केलं. बफिंगला आमच्याकडचं स्टीलचं कंपाउंड लावणार होतो, तेवढ्यात आठवलं की हे तोंडात जाणार आहे. शेवटचा हात कोणत्या मेणाचा देतात?

सीएनसीवर मी अजून ठाम आहे. भोकं आणि ढोबळ आकार मशीननंच करावा, चुकायची जागाच राहत नाही. पण ठोकळ्यातली पोकळी आधी ओळखणारं काही आमच्या शॉपफ्लोअरवर नाही, तेवढं मान्य.

जालना_टू_जुरा

कार्नौबा. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानावरचं मेण. कापडी चाकावर लावायचं आणि हलक्या हातानं फिरवायचं. कारखान्यातही लाकडाला शेवटी तेच. चाक जुन्या कंपाउंडचं नको, नवंच लावा.

बीडची_वाघीण

प्राध्यापकांकडून मजुरी किती घेणार ते सांगा. बाकी सगळं कळलं.

लेथवाला_वाळूज

काही नाही. त्यांनी मला अकरावीत गणित शिकवलंय, कोन पण त्यांचेच.

मंजिरी_संभाजीनगर

देताना एवढं सांगा, पाइप गरम असताना नळी ओढायची नाही. गार होऊ द्यायचा, मग फिरवत काढायची. गरमात ओढली तर टोक सैल होतं किंवा दांडी चिरते. पहिली नळी बहुतेक तशीच तुटली असेल.

दातांचा_डॉक्टर_लातूर

आणि वर्षातून एकदा तोंड दाखवून जा म्हणावं. फी नाही.